मन कुणाचे तपासायचे?

माझ्या कपाटात एका हमीपत्राची झेरॉक्स गेली पंचवीसेक वर्षे पडून आहे. वीस रुपयांचा स्टॅम्पपेपर, त्यावर कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने बडवलेल्या अकरा ओळी, खाली नवऱ्याचा अंगठा, सासऱ्याची सही आणि पंच म्हणून गावातल्या दोन वजनदार माणसांची नावे. ‘यापुढे पत्नीस मारहाण, शिवीगाळ करणार नाही, दारू पिऊन त्रास देणार नाही, तिला सुखाने नांदवीन. सदर हमीपत्र राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे.’ मजकूर माझा. त्या काळी असे मजकूर मला तोंडपाठ होते. अंबाजोगाईच्या कोर्टात वकिली करावी आणि आठवड्यातले दोन दिवस एका समुपदेशन केंद्रात नवरा-बायकोची भांडणे मिटवावीत, असा माझा क्रम होता. भांडण मिटवल्याचा मला अभिमानही वाटे.

ती धारूरकडच्या एका वाडीवरची. तिसऱ्यांदा माहेरी आलेली. डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. मी तिला जे प्रश्न विचारले ते त्या दिवशीच्या टिपणात आहेत. स्वयंपाक वेळेवर होतो का? सासूशी पटते का? उलटून बोलतेस का? माहेरी वारंवार का येतेस? मूल का नाही? मोजले तर सतरा प्रश्न भरतात. त्याला एकच विचारला होता. “पुन्हा करशील का?” तो म्हणाला, “नाही.” मग हमीपत्र झाले, चहा झाला आणि ती नांदायला गेली.

पाडव्यानंतर तिचे वडील आले. दाराशीच चप्पल काढून उभे राहिले. म्हणाले, “बाई, तो कागद हाय का तुमच्याकडं? पोलिसांनी आणायला सांगितलाय. पंचनाम्याला लागतो.” मी मूळ कागद त्यांना दिला आणि त्याची एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवली. ती का ठेवली ते तेव्हा मला सांगता आले नसते.

आज लिहायचे आहे ते त्या सतरा आणि एक या हिशेबाबद्दल.

कायद्याचे शिक्षण मी औरंगाबादला घेतले, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. पुराव्याच्या कायद्याच्या तासाला एक खटला शिकवला जाई, आजही देशभर शिकवतात. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १७ जुलै १९८४. परिस्थितिजन्य पुराव्यावर एखाद्याला दोषी ठरवायचे तर कोणत्या पाच कसोट्या लागतात, ते न्यायालयाने त्यात सांगितले. त्या कसोट्यांना न्यायमूर्तींनीच ‘पंचशील’ म्हटले. मृत व्यक्तीने हयातीत लिहिलेली पत्रे पुरावा म्हणून कधी वाचता येतात, याचीही त्यात तपशीलवार चर्चा आहे. तेव्हाचे ते कलम ३२. १ जुलै २०२४पासून नव्या साक्ष अधिनियमात कलम २६. आम्ही ती पाच तत्त्वे घोकली आणि परीक्षेत लिहिली. ज्या मुलीची ती पत्रे होती तिचे माहेर आमच्याच बीडचे होते, हे मला कळले ते पास होऊन गेल्यावर.

मंजुश्री सारडा. ११ फेब्रुवारी १९८२ रोजी लग्न झाले आणि ११ जूनच्या रात्री पुण्यात सासरच्या घरी मृत्यू. जेमतेम चार महिने. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने. मधल्या काळात तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती आणि त्या पत्रांत तिची घालमेल होती. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. आत्महत्येची शक्यता निःसंशयपणे बाद होत नाही, आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे, हे त्याचे कारण. कायद्याने प्रकरण तिथे संपले. त्या निकालाला आव्हान देण्याचा माझा हेतू नाही, तो माझा अधिकारही नाही. वकील म्हणून त्या पाच तत्त्वांचा आधार मी स्वतः कितीतरी वेळा घेतला आहे.

पण ते निकालपत्र मी पुढे मनाशी पुन्हा वाचले तेव्हा एक गोष्ट खटकली आणि अजून खटकते. त्यात एक मन फार बारकाईने तपासले आहे, आणि ते मेलेल्या मुलीचे. ती किती हळवी होती, किती भावनाप्रधान, तिचे मन कसे हेलकावे खात होते, अशी माणसे आत्महत्येकडे कशी वळतात, याची चर्चा न्यायमूर्तींनी मानसशास्त्राच्या पुस्तकांतले उतारे देऊन केली आहे. प्रश्न आत्महत्या की खून असाच असल्यामुळे ते अपरिहार्य होते, हे मला कळते. न्यायालयापुढे एखादा माणूस असतो तो कृत्य सिद्ध करण्यापुरता. त्याच्या मनात काय चालते ते विचारण्याची तिथे सोयच नसते. कोर्टाचे एक वेळ समजू शकते. पण मी कोर्ट नव्हते. माझ्यासमोर खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारायला मला कुणी मनाई केली होती?

इंग्रजीत ज्याला फॉरेन्सिक सायकोथेरपी म्हणतात, त्याला मराठीत रुळलेला शब्द नाही. ‘गुन्हेगाराचा मनोपचार’ म्हटले तर ऐकणारा लगेच बिथरतो. ‘म्हणजे मारणाऱ्याचे लाड?’ माझ्यापर्यंत हा विषय आला तो अंबाजोगाईच्या एका मानसोपचारतज्ज्ञ मित्रामुळे. त्या हमीपत्राची हकिगत मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी सांत्वन केले नाही, एक पुस्तक दिले.

या शाखेचे एक जुने घर म्हणजे लंडनचे पोर्टमन क्लिनिक. १९३०च्या दशकापासून तिथे हिंसा किंवा लैंगिक गुन्हे केलेल्या, किंवा आपल्या हातून ते होतील अशी धास्ती असलेल्या माणसांवर मनोविश्लेषणाच्या अंगाने उपचार होत आले आहेत. मूळच्या अर्जेंटिनाच्या एस्टेला वेल्डन तिथल्याच. या उपचारात खोलीत दोघे दिसले तरी तिसरा पक्ष कायम हजर असतो, आणि तो म्हणजे समाज, असे त्या मांडतात. आमच्या भाषेत सांगायचे तर डॉक्टर आणि नवरा बोलत असतात, पण तिसऱ्या रिकाम्या खुर्चीवर ती बाई बसलेली आहे हे डॉक्टरने एक क्षणही विसरायचे नाही.

त्याच क्लिनिकचे मर्विन ग्लासर यांनी हिंसेचे दोन प्रकार वेगळे केले. एकात माणसाला स्वतःचे अस्तित्वच धोक्यात आल्यासारखे वाटते आणि समोरचा धोका नष्ट करायचा म्हणून तो तुटून पडतो. धोका खरा असलाच पाहिजे असे नाही. दुसऱ्या प्रकारात समोरच्याला नष्ट करायचे नसते. तो कायम हाताखाली, तडफडत राहायला हवा असतो आणि त्या तडफडण्यात सुख असते. दिसायला दोन्हीकडे काळेनिळे अंग सारखेच. पण पहिल्याशी बोलता येते. दुसरा गोड बोलून डॉक्टरलाही गुंडाळतो. मी ज्यांच्याकडून हमीपत्रे लिहून घेतली त्यांत कोण कुठला होता, देव जाणे. सर्वांत नम्र, सर्वांत लवकर सही करणाऱ्यांची मला आता भीती वाटते.

तिसरे नाव जेम्स गिलिगन यांचे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या तुरुंगांतून मानसोपचाराचे काम त्यांनी अनेक वर्षे पाहिले, आणि १९९६ साली हिंसेवरचे त्यांचे पुस्तक आले. खुनी माणसांना ‘का?’ म्हणून विचारत राहिल्यावर त्यांच्या हाती जे लागले ते सांगायला त्यांना मोठा शब्द लागला नाही. शरम. कुणी अपमान केला, तुच्छ लेखले, कस्पटासमान वागवले. पण अपमान तर सगळ्यांचाच होतो, आणि सगळे काही कोयता उचलत नाहीत. म्हणून गिलिगन पुढची अट घालतात. शरम इतकी खोल असते की ती वाटते हे सांगण्याचीही शरम वाटते. मान परत मिळवायचा दुसरा मार्ग दिसत नाही. आणि हात आवरणारे जे असते, माया, अपराधाची टोचणी किंवा नुसती भीती, त्यातले काहीच त्या क्षणी, त्या माणसापुढे, जागे नसते.

हे वाचले तेव्हा मला तुरुंग नव्हे, आमचा जिल्हा दिसला. मराठीत नाक कापले जाते, तोंड काळे होते, मान खाली जाते, पगडी पायदळी येते; आणि नीट पाहिले तर पुरुषाच्या शरमेचे सगळे सामान बाईच्या अंगावर ठेवलेले असते. तिचा पदर, तिची नजर, तिचे उंबऱ्याबाहेरचे पाऊल. त्याचे नाक तिच्याकडे सांभाळायला दिलेले.

बीडबाहेरच्या वाचकासाठी आता थोडे थांबून सांगते. दसरा-दिवाळी झाली की इथून काही लाख माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम आधी उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती हंगामभर फेडायची. मजूर मोजायचे एकक माणूस नाही, कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी हा अर्धा कोयता. त्याने तोडायचे, तिने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या. उचल त्याच्या हातात येते, फेडतात दोघे. राहायचे उसाच्या पाचटाच्या कोपीत; वाकून आत जायचे, वाकून बाहेर यायचे. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठायचे. बाईचा खाडा झाला तर कोयताच मोडतो आणि दंड बसतो. ‘पाळीचा त्रास नको’ म्हणून गर्भाशयच काढून टाकण्याचा प्रकार याच व्यवहारातून वाढला. २०१९ साली विधिमंडळात सरकारने सांगितले की आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. आणि २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे इथे ८०७च मुली होत्या. हेही बायकांवरचे वारच. फक्त त्यांची फिर्याद होत नाही.

काही वर्षांपूर्वी एक जोडपे आले. ओळखू येतील असे तपशील मी बदलले आहेत. तिचा हात मनगटापाशी मोडला होता. या वेळी मी हमीपत्र लिहिले नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला, संरक्षणाचा आदेश मिळवला, ती लेकरे घेऊन भावाकडे राहिली. मगच त्याच कायद्याच्या कलम १४खाली त्याला समुपदेशनाला पाठवण्याची विनंती केली. एकट्याला. नवरा-बायकोला एकत्र बसवायचे नाही, असे डॉक्टर मित्राने बजावले होते. तिने खोलीत खरे बोलायचे आणि घरी जाऊन त्याची किंमत द्यायची, हे आम्ही फार वर्षे केले होते. बोलणार डॉक्टर, मी कोपऱ्यात टिपणे घेणार. त्याचीही त्याला संमती होती.

या उपचारात मारल्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा, मिनिटामिनिटाने सांगायला लावतात. पहिल्या भेटीत तो म्हणाला, “भाकरी करपली होती, डोस्कं फिरलं.” डॉक्टर म्हणाले, भाकरीच्या आधी काय झाले? “काही नाही.” महिन्याने म्हणाला, “उलटून बोलली.” काय बोलली? आठवेना. पुढच्या भेटीत तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसला आणि म्हणाला, “खरं सांगू का साहेब, ती काही बोललीच नव्हती. नुसती बघायली होती.”

मग बाकीचे निघाले. त्या पहाटे गाडी भरायला त्याला उशीर झाला होता. मुकादमाने सगळ्या टोळीदेखत गचांडी धरली, आईवरून शिवी दिली, आणि उचल फिटत नसेल तर बायकोला इथे ठेवून जा, असे म्हटले. लोक हसले. ती डोक्यावर मोळी घेऊन तिथेच उभी होती. तिने पाहिले आणि मान खाली घातली. दिवसभर त्याने ऊस तोडला. रात्री कोपीत तिने ताट वाढले आणि त्याच्याकडे पाहिले. कसे पाहिले? “कीव केल्यावानी.” तिला विचारले असते तर तिने कदाचित सांगितले असते की तिची पाठ दुखत होती. मला तिने नंतर तेच सांगितले.

डॉक्टरांनी विचारले, “मुकादमाला का नाही मारलंस?”

तो चक्क हसला. “मुकादमाला कसं मारावं साहेब? उचल घेतलीय की.”

“म्हणजे हात आवरता येतो तुला.”

खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला तो मला अजून आठवतो. माझ्या सगळ्या हमीपत्रांतून ‘रागाच्या भरात’ हा शब्द असे. राग अनावर झाला, भान राहिले नाही, दारूच्या नशेत. बारा-चौदा तास त्याचे भान शाबूत होते. मुकादमापुढे भीतीने हात धरला, टोळीपुढे लाजेने धरला. कोपीत हात धरायला कुणी नव्हते आणि त्याची मानहानी पाहिलेले डोळे तेवढे समोर होते. त्याने बायकोला मारले ते ती चुकली म्हणून नव्हे. ती साक्षीदार होती म्हणून.

मला विचाराल तर यात मुख्य गोष्ट हीच आहे. ती काय करते याच्याशी माराचा संबंध नसेल, तर ‘तू असे वागत जा, तसे बोलत जाऊ नकोस’ हा सल्ला केवळ निरुपयोगी नाही, घातक आहे. बाई आयुष्यभर स्वतःत दुरुस्त्या करत बसते आणि मार थांबत नाही. धारूरकडच्या तिने माझा सल्ला पाळला असणार. ती उलटून बोलली नसणार. ती गप्प राहिली असणार, आणि त्या गप्प राहण्यात त्याने काय वाचले असेल, याचा विचार मी करत बसते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला असा की ही तर सबब झाली. बिचारा अपमानित, बिचाऱ्याच्या बापानेही आईला मारले होते. (मारले होते. त्याच कोपीच्या जन्मात, हा पाच वर्षांचा असताना झोपेचे सोंग घेऊन पडलेला.) आरोपीचा वकील हे भांडवल उद्या कोर्टात वापरील. मी स्वतः ते वापरताना पाहिले आहे. २००६च्या नियमांनी म्हणूनच स्पष्ट सांगितले आहे की समुपदेशनात प्रतिवादीला आपल्या हिंसेचे समर्थन करू द्यायचे नाही. नियम चांगला आहे, बायकांनी भांडून मिळवलेल्या कायद्याचा आहे. पण समर्थन करू द्यायचे नाही म्हणजे ऐकायचेच नाही, असा त्याचा अर्थ आम्ही काढला आणि हमीपत्रावर आलो. डॉक्टर त्याची भाकरी ऐकतात ती मान्य करायला नव्हे. ती खोटी आहे हे त्याच्याच तोंडून निघावे म्हणून. कारण सापडले की जबाबदारी जात नाही. उलट ‘डोस्कं फिरलं’ हे पांघरूण निघाल्यावर माणूस पहिल्यांदा उघडा पडतो. आदेश मोडला तर तुरुंग, ही तलवार त्याच्या डोक्यावर लटकत होती म्हणून तो खोलीत बसला, हेही कबूल करते.

दुसरा आक्षेप असा की मग दोष कोयत्याचा, गरिबीचा, मुकादमाचा. हा आक्षेप कार्यकर्त्यांचा आवडता. व्यवस्था क्रूर आहे यात वाद नाही. पण त्याच टोळीत त्याच मुकादमाच्या शिव्या खाऊन बायकोच्या अंगाला बोट न लावणारे गडी होते. आणि मार घालणारे डॉक्टर, प्राध्यापक, सरकारी अधिकारी माझ्या फायलींत आहेत. त्यांच्या घरी कोपी नाही, दाराला कडी आहे, एवढाच फरक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१, विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. एवढ्या सगळ्यांना काही मुकादम नसतो.

सासूबद्दलही लिहायला हवे, कारण ‘बाईच बाईची वैरीण’ हे वाक्य टाकून पुरुषमंडळी या चर्चेतून अलगद उठून जातात. एस्टेला वेल्डन यांनी १९८८च्या आपल्या पुस्तकात हे झाकलेले दार उघडले. बाईची हिंसा बहुधा तिच्या स्वतःच्या देहावर किंवा तिच्या मुलांवर चालते, कारण सत्ता म्हणून तिला तेवढेच मिळालेले असते, अशी त्यांची मांडणी. त्यापुढचे माझे निरीक्षण असे की आमच्याकडच्या सासूला आयुष्यात पहिली सत्ता मिळते ती सून उंबऱ्यावर माप ओलांडते त्या दिवशी. आणि ती सत्ता मुलाच्या हातून चालवायची असते. माझ्यासमोर आलेल्या सासवांपैकी एकीलाही मी तिच्या लग्नाबद्दल विचारले नव्हते. अलीकडे विचारते. बऱ्याच जणी पदर तोंडाला लावतात. सगळ्या नाही. एक म्हणाली, “आम्ही सोसलं, हिला काय सोनं लागलंय?”

हे सगळे परदेशी पुस्तकांतून उसने आणलेले आहे असे मात्र समजू नये. मंजुश्रीच्या मृत्यूनंतर पुण्यात माणसे रस्त्यावर आली. ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन उभे राहिले आणि त्या हालचालीतून नारी समता मंच ही संघटना जन्मली. विद्या बाळ तिच्या संस्थापकांपैकी. बायकांना बोलायला जागा हवी म्हणून त्यांनी केंद्र काढले आणि पुढे, २००८च्या सुमारास, याच मंचाने पुरुषांसाठी पुरुष संवाद केंद्र सुरू केले. मुंबईत पुरुषांनीच १९९३ साली ‘मावा’ काढली होती. बायकांना मारणाऱ्यांच्या विरोधात उभे राहिलेले पुरुष, ही तेव्हा नवलाईच होती. आमच्या अंबाजोगाईत मानवलोकच्या मनस्विनी प्रकल्पात शैला लोहिया यांनी टाकलेल्या बायकांना आधी छप्पर दिले, मग बळ दिले. बीडच्या एका मुलीपासून निघालेली वाट पुण्यात जाऊन पुरुषाच्या खुर्चीपर्यंत पोचली. ती परत बीडला यायला मात्र फार वेळ लागतो आहे.

कारण साधे आहे. खुर्चीत बसवायला माणसे नाहीत. कलम १४ आहे, पण ते वापरायचे तर शिकलेला समुपदेशक हवा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जो असतो त्याच्या डोक्यावर तडजोडीचा आकडा असतो. किती प्रकरणे मिटली? माझ्या वेळीही हाच रकाना होता. धारूरकडची ती त्या रकान्यात ‘मिटले’ म्हणून गेलेली आहे. शिक्षा भोगून सुटलेल्या नवऱ्याशी बोलायला तर कुणीच नसते. तो बहुधा दुसरे लग्न करतो.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले, हे वाचक विचारणार. तो वर्षभर दर पंधरवड्याला, बाजाराच्या दिवशी येत राहिला. दोनदा चुकला, एकदा दारू पिऊन आला आणि डॉक्टरांनी त्याला परत पाठवले. दसरा जवळ आला तसा तिने मला एकच प्रश्न विचारला. “बाई, औंदा जाऊ का त्याच्यासंगं?” पूर्वीच्या मला याचे उत्तर अर्ध्या मिनिटात देता आले असते. मी तिला म्हटले, तुला काय वाटते? ती म्हणाली, “लेकरं भावाकडं रुळल्यात. भ्या वाटतंय.” मी म्हटले, भीती वाटते तर ती बरोबर असेल. डॉक्टरांचेही तेच मत पडले. तिने इथेच शिवणकाम धरले. तो चुलतभावाबरोबर गेला. अर्धा कोयता आणि अर्धा कोयता.

माघात एका रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. कर्नाटकातून. आवाज थरथरत होता. मुकादमाने पुन्हा सगळ्यांदेखत शिवी दिली होती, आणि तिने घरून फोन उचलला नव्हता. “कोण हसतंय तिकडं, म्हणून डोक्यात यायलंय बाई.” मी उठून बसले. दारू प्यालास का? नाही. तिला फोन लावून काय बोलणार होतास? गप्प. भाऊ जवळ आहे का? आहे. निघून इकडे यायचा विचार आहे का? बराच वेळाने म्हणाला, “होता. म्हणून तुम्हाला लावला.”

मी विचारले, कोयता कुठे आहे?

“बाहेर. वाढ्याच्या ढिगात खोसलाय.”

तिथेच राहू दे, म्हटले, आणि भावाकडे फोन दे. भावाशी बोलले, डॉक्टरांना उठवले, तिच्या भावाला कळवले, आणि दाराची कडी नीट आहे का तेवढे बघून घ्यायला सांगितले. मग डायरीत वेळ लिहिली. अकरा वाजून दहा मिनिटे.